साहेबांना फुटला पाझर

हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि चाकणपासून रांजणगावपर्यंत सध्या एक साथ पसरली आहे. साहेबलोकांना माणुसकीचा पाझर फुटला आहे. ज्या साहेबांच्या तोंडून उभ्या हयातीत 'बरं' यापलीकडे कौतुकाचा शब्द निघाला नाही, ते सोमवारी सकाळी ऑफिस उघडताक्षणी 'तुमच्या अथक परिश्रमांची आणि अढळ निष्ठेची मी मनापासून कदर करतो' असं लिहू लागले आहेत. ज्यांना समोर बसणाऱ्या पोराचं आडनाव ठाऊक नव्हतं, ते त्याच्या 'वैयक्तिक वाटचालीत' रस घेऊ लागले आहेत.

सुरुवातीला लोक धास्तावले. साहेबांना डॉक्टरांनी काही सांगितलंय की काय, अशी कुजबुज झाली. कुणी म्हणालं, इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करून आलेले दिसतात. कुणी म्हणालं, कंपनी विकली जाणार, त्याआधीची ही गोडी. मग एके दिवशी अशाच एका मेलच्या तळाशी दोन वाक्यं सापडली : 'हा मजकूर आणखी जिव्हाळ्याचा करून हवा आहे का? हवा असल्यास मी थोडक्यातही लिहून देऊ शकतो.' मजकूर उचलताना साहेब तेवढा भाग पुसायला विसरले होते. सगळ्या ऑफिसने सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबांची तब्येत ठणठणीत होती. जिव्हाळा बाहेरून मागवला होता.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा आता कारकुनांच्या नोकऱ्या जाणार अशी आवई उठली होती. यंत्राने सगळ्यात आधी हलकं केलं ते साहेबांचं काम. कारण साहेबांना वर्षानुवर्षं एकच काम जड जात आलं आहे : हाताखालच्या माणसाशी दोन शब्द बोलणं.

त्या दोन शब्दांनाही आपल्याकडे एक शिस्त होती. 'बघू' म्हणजे नाही. 'बघतो' म्हणजे विसरलो. 'नोटेड' म्हणजे वाचलेलं नाही. 'प्लीज डू द नीडफुल' म्हणजे हे काय प्रकरण आहे ते मलाही कळलेलं नाही, तुम्हीच निस्तरा. 'जेंटल रिमाइंडर' आला की ओळखायचं, यानंतरचा रिमाइंडर जेंटल नसणार. 'जरा केबिनमध्ये या' म्हणजे घरी फोन करून सांगा, जेवायला थांबू नका. आणि 'दार लोटून घ्या' म्हणजे बायोडेटा काढून ठेवा. भाषा कोरडी होती, पण नेमकी होती. नवीन लागलेलं पोरगं पहिला पगार हातात पडायच्या आत ती शिकायचं. आज त्याच पोराला साहेबांचा चार परिच्छेदांचा मेल येतो आणि तो वाचून आपल्याला बढती मिळाली की नारळ मिळाला, हे विचारायला ते शेजारच्या खुर्चीकडे वळतं.

आमच्या ओळखीतल्या एका इंजिनिअर मुलाची आजी गेली. त्याने साहेबांना लिहिलं, 'सर, आजी गेली. तेराव्यासाठी गुरुवार-शुक्रवार रजा हवी आहे.' स्वारगेटला सोलापूरच्या गाडीजवळ पिशवी घेऊन उभा असताना उत्तर आलं. 'तुमच्या आजींच्या निधनाची वार्ता ऐकून मला अतीव दुःख झालं. शोक प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळ्या रूपात येतो. या कठीण काळात स्वतःची काळजी घ्या, पुरेसं पाणी प्या आणि जवळच्या माणसांच्या संपर्कात राहा. तुमचं स्वास्थ्य आणि प्रकल्पाची मुदत या दोहोंचा समतोल आपण मिळून साधू.' सगळं होतं. रजा मंजूर की नामंजूर, तेवढं नव्हतं. कंडक्टर दारात उभा राहून विचारतोय, येणार आहात की नाही? आणि हा पुन्हा वरपासून मेल वाचतोय. शेवटी त्याने एचआरच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी तो मेल आपल्या यंत्राला घातला आणि सारांश मागितला. यंत्र म्हणालं, 'साहेब व्यथित आहेत आणि संवादास उत्सुक आहेत.' मग मात्र त्याने धाडस करून थेट साहेबांनाच फोन केला. साहेब म्हणाले, 'अरे, जा की! विचारतोस काय? आईला सांभाळ.'

बघा, माणूस वाईट नव्हता. आत सगळं होतं, आणि तेही आखूड होतं. यंत्राने त्याचं लांबवून वाटोळं केलं.

बरं, लांबवायला पैसे पडतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या कामासाठी आपला कोपायलट नोव्हेंबर २०२३मध्ये कंपन्यांना खुला केला, तेव्हा त्याचा दर माणशी महिना ३० डॉलर होता. साहेबांच्या मनात एक ओळ असते. कोपायलट तिच्या तीस ओळी करतो. त्या तीस ओळी खाली आल्या की ज्याच्याकडे कोपायलट आहे तो त्यांची पुन्हा एक ओळ करून घेतो. म्हणजे फुगवायला ३० डॉलर आणि फुगा फोडायलाही ३० डॉलर. आमच्या अकाउंटमधल्या काकांनी हा व्यवहार ऐकला आणि चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं, 'मूळची ओळच पाठवली तर काय जीएसटी लागतो का?'

खालूनही आता उत्तरं यंत्रच लिहितं. 'आपल्या प्रेरणादायी शब्दांनी भारावून गेलो' असं पोरगं पाठवतं, तेव्हा ते कॅन्टीनमध्ये पोहे खात असतं. साहेबांचं यंत्र त्या उत्तराचा आशय काढतं, 'टीमचं मनोधैर्य उंचावलेलं आहे', आणि साहेब तो वरच्या साहेबांना कळवतात. वरचे साहेब त्यांच्याहून वरच्यांना. अशा रीतीने एका पोह्याच्या बशीतून संपूर्ण कंपनीचं मनोधैर्य उंचावतं. ज्याचं ते आहे, त्याला ही बातमी शेवटी न्यूजलेटरमधून कळते.

खरी जत्रा भरते ती अप्रेझलच्या दिवसांत. वर्षभर राबलेल्या माणसाला निदान त्या दिवशी वाटतं, आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी विचार करून लिहिलं असेल. कॅन्टीनच्या टेबलावर दोन मोबाइल शेजारी-शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत. डावीकडचा होता सर्व्हर बंद पडला म्हणून दसऱ्याला रात्रभर ऑफिसात बसलेल्या मुलीचा. उजवीकडचा, त्या आठवड्यात फक्त चहाच्या वेळी दिसलेल्या सद्गृहस्थांचा. दोघांनाही 'आव्हानात्मक परिस्थितीत दाखवलेल्या असामान्य चिवटपणाबद्दल' शाबासकी होती. स्वल्पविरामापर्यंत मजकूर तोच. मुलीने तो वाचला, सद्गृहस्थांचाही वाचला, आणि मोबाइल पालथा घातला. सद्गृहस्थ मात्र खूश होते. आपल्यातला चिवटपणा कुणाच्या तरी लक्षात आला, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. पगारवाढ दोघांनाही सारखीच होती. त्या बाबतीत व्यवस्थापनाने यंत्राची मदत घेतली नव्हती.

चाकणला प्रकार निराळा. तिथल्या कारखान्यात दिवाळीच्या आधी फळ्यावर बोनसची नोटीस लागते. पूर्वीची नोटीस अशी असे : 'बोनस ८.३३ टक्के. शुक्रवारी खात्यात. व्यवस्थापक.' यातलं ८.३३ म्हणजे व्यवस्थापकाच्या मनाचा मोठेपणा नव्हे. ते कायद्याने ठरवलेलं किमान, आणि कमाल २०. पण नोटीस स्पष्ट असे. त्यावर कामगार शिव्या घालायचे, युनियनवाले घोषणा द्यायचे, आणि शुक्रवारी सगळे खातं तपासायचे. यंदाच्या नोटिशीची सुरुवात 'प्रकाशाचा हा उत्सव आपल्या सामूहिक यशाचं प्रतीक आहे' अशी होती. पुढे 'आपण केवळ कर्मचारी नसून एक कुटुंब आहोत.' पुढे बाजारातल्या अनिश्चिततेवर चिंतन. सेकंड शिफ्ट सुटली तेव्हा फळ्यापुढे गर्दी. त्यात एक फिटर मामा पुढे झाले, ऑइलने काळं झालेलं बोट कागदावर पहिल्या ओळीपासून खाली खाली सरकवत गेले, आणि सहाव्या परिच्छेदाच्या मध्यावर थांबले. 'हां. हितं हाय. ८.३३.' गर्दी पांगली. वरचं सगळं चिंतन एका काळ्या रेघेखाली गेलं.

'कुटुंब' म्हणणाऱ्या साहेबांना एक विचारावंसं वाटतं. आपल्याकडे कुटुंबात भांडणं होतात, बोलणं टाकतात, वाटणीवरून कोर्टात जातात. पण तिमाहीचे आकडे घसरले म्हणून धाकट्या भाच्याचं ओळखपत्र काढून घेतल्याचं अजून ऐकिवात नाही.

हे खूळ आपलं एकट्याचं नाही, एवढाच काय तो दिलासा. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले. तिकडे नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा मेल पाठवला. एकमेकांना जपू या, सर्वांना सामावून घेऊ या, वगैरे. आणि तळाशी कंसात प्रामाणिकपणे नोंद : हा मजकूर चॅटजीपीटीवरून बेतलेला आहे. विद्यार्थी खवळले. एकमेकांना जपा हे सांगायला यांना यंत्र लागलं? कॉलेजला माफी मागावी लागली. जगभरच्या साहेबांनी या प्रकरणातून धडा घेतला, तो असा : तळाची नोंद काढून टाकावी. ज्यांनी खरं सांगितलं त्यांची नाचक्की झाली. ज्यांनी सांगितलं नाही, त्यांना आजही 'संवेदनशील नेतृत्व' म्हणून ओळखलं जातं.

त्याहून पुढची पायरी जुलै २०२५मध्ये गाठली गेली. मायक्रोसॉफ्टने सुमारे ९,००० जणांची नोकरी घालवली, आणि त्याच कंपनीच्या एक्सबॉक्स विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिंक्डइनवर सल्ला दिला की नोकरी गेल्याने मनावर आलेला ताण हलका करायला चॅटजीपीटी किंवा कोपायलटची मदत घ्या. यंत्राला कोणते प्रश्न विचारायचे, तेही सुचवलं. लोकांनी इतकं सुनावलं की पोस्ट काढून टाकावी लागली. सल्ल्यामागचा हेतू चांगला असेलही. पण नोकरी गेलेल्याने कोपायलटपाशी रडावं आणि कंपनीने कोपायलटची विक्री मोजावी, यात जी काटकसर आहे ती कौतुकास्पद आहे. अश्रूसुद्धा घरच्या घरी.

आपल्याकडेही निरोपाचे मेल आता फार हृद्य येतात. 'आपल्या पुढील प्रवासास मनःपूर्वक शुभेच्छा' अशी एक ओळ त्यात हटकून असते. नाशिककडच्या एका जुन्या सेल्समन काकांना असा मेल आला, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे टीए-डीएचा फॉर्म मागवला. कुठल्या गावाला पाठवताय, हे तेवढं स्पष्ट करावं, अशी खाली विनंतीही केली.

यावर अभ्यासही झाला आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचे अँथनी कोमन आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पीटर कार्डन यांनी ११०० नोकरदारांना साहेबांचे मेल दाखवून विचारलं. साहेबांनी यंत्राची जुजबी मदत घेतली असेल, तर ८३ टक्के लोकांना साहेब मनापासून बोलताहेत असं वाटलं. मजकूर बहुतेक यंत्राचाच असेल, तर हा आकडा ४० ते ५२ टक्क्यांवर आला. व्याकरण सुधारून घेतलं, बैठकीची वेळ कळवली, तर कुणाची तक्रार नाही. अभिनंदन आणि शाबासकी यंत्राकडून आली की माणसं बिथरतात. आणि गंमत अशी की स्वतःच्या यंत्रवापराकडे प्रत्येकाने फार प्रेमाने पाहिलं. थोडक्यात, आपला तो बाब्या, साहेबांचं ते कार्टं.

साहेबांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. आपल्याकडचे कितीतरी साहेब जालना, लातूर, साताऱ्याच्या मराठी शाळांतून आलेले. कामात वाघ, पण इंग्रजी मेल लिहायचा म्हटलं की 'हॅज' की 'हॅव' इथेच अर्धा तास. त्यांच्या मेलमधल्या चुकांचे स्क्रीनशॉट इंग्रजी माध्यमातल्या पोरांनी ग्रुपवर फिरवले, हे आपण पाहिलेलं आहे. अशा माणसाला यंत्राने ताठ मानेने लिहायला शिकवलं असेल, तर त्या यंत्राच्या तोंडात साखर पडो. त्याने त्याचं म्हणणं आधी मांडलं, यंत्राने ते नीट केलं. यात लाजायचं काही नाही. लाजायचं तिथे आहे, जिथे म्हणणंच नसतं. 'टीमला मोटिव्हेट करणारं काहीतरी लिही' एवढं यंत्राला सांगून साहेब चहाला जातात, तिथे व्याकरण सुधारून घेण्यासारखं काही शिल्लकच नसतं.

कुणी म्हणेल, मोठ्या माणसांनी स्वतः कधी लिहिलं? शिवाजी महाराजांनाही चिटणीस होते. खरं आहे. बाळाजी आवजींची आख्यायिका तर सर्वांना ठाऊक आहे : महाराजांनी एक महत्त्वाचं पत्र लिहायला सांगितलं, बाळाजींना सवड झाली नाही, आणि महाराजांनी वाचायला सांगितलं तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदावरून सगळं पत्र न अडखळता वाचून दाखवलं. पण या गोष्टीत दोन गोष्टी आहेत ज्या आजच्या साहेबांच्या सोयीच्या नाहीत. एक, पत्रात काय असावं हे महाराजांनी आधी ठरवलं होतं. दोन, पाठवण्याआधी ते त्यांनी वाचायला सांगितलं. तेव्हा कागद कोरा होता आणि डोकी भरलेली होती. आता कागद तेवढे भरलेले येतात.

शिवाय चिटणिसाला माणसं माहीत असत. कुठला देशमुख गोड बोलण्याने वळतो, कुणाला धाक घालावा लागतो, कुणाच्या घरी नुकतंच काय झालंय, हे तो जाणून असे. वेळ आली तर 'हे आज लिहू नये' असंही तो धन्याला सांगू शके. यंत्र कधीच नको म्हणत नाही. नोकरीवरून काढण्याचं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी मागा, ते देतं आणि वर विचारतं, 'यात सणाच्या शुभेच्छाही घालू का?'

आणि कुणी म्हणेल, आपली जुनी पत्रं तरी कुठे स्वतःच्या शब्दांत होती? 'तीर्थरूप', 'साष्टांग नमस्कार', 'इकडील सर्व क्षेम', सगळा मजकूर ठरलेला, घरोघर तोच. मान्य. पण तो मायना आहे हे लिहिणाराही जाणत होता आणि वाचणाराही. कुणाचीही फसवणूक नव्हती. मायना संपला की 'पत्रास कारण की' यायचं, आणि तिथून पुढे लिहिणारा माणूस स्वतः बोलायचा : गाय आटली, पोराची फी भरायची आहे, पैसे पाठव. वाचणाऱ्याची नजर आपोआप तिथे जायची. आजच्या मेलमध्ये मायना सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. कारण कुठे आहे ते फिटर मामांसारखं बोट लावून हुडकावं लागतं.

म्हणून समस्त साहेबवर्गाला विनंती. यंत्र वापरा, खुशाल वापरा, कंपनीने पैसे भरलेच आहेत. मायना हवा तेवढा लांब घाला. आम्ही तो वगळून वाचायला लहानपणीच शिकलो आहोत. पण 'पत्रास कारण की' याच्या पुढची ओळ तेवढी स्वतः लिहा. रजा आहे की नाही, पगार किती वाढला, नोकरी राहिली की गेली, आणि दसऱ्याच्या रात्री ऑफिसात कोण बसलं होतं. व्याकरण चुकलं तरी चालेल. स्क्रीनशॉट काढणार नाही, हा आमचा शब्द.